बसेल त्याचा कॅमेरा

ज्या घरात कर्त्या पुरुषाला स्वतःच्या कपाटाची किल्ली मागून घ्यावी लागते, त्या घरात लिनक्स सुखाने नांदते. हे मी अनुभवाने सांगतो आहे.

2007 साली सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन झाले. फोटो मी काढले. कॅमेरा माझा, कॉम्प्युटर माझा, सासूबाईही एका परीने माझ्याच. तरी वायर जोडताच पडद्यावर उत्तर आले, ‘परवानगी नाही!’

भाचा म्हणाला, “मामा, रागावू नका. लिनक्सचं वळण युनिक्सचं, आणि ते 1969 सालचं. तेव्हा यंत्र एक आणि वापरणारे अनेक. म्हणून प्रत्येक फाइलला एक मालक, एक गट आणि बाकीचे ‘इतर’. वाचायचे चार गुण, लिहायचे दोन.”

कॅमेरासुद्धा तिथे फाइलच. मालक, रूट नावाचे बडे प्रस्थ. आकडा 664. म्हणजे आम्हा इतरेजनांनी नुसते वाचावे. पण फोटो मागायचा तर कॅमेऱ्याला हुकूम सोडावा लागतो, आणि हुकूम सोडणे म्हणजे लिहिणे! झाली का पंचाईत?

यावर सल्ला देणाऱ्यांचे दोन पंथ आहेत आणि माझे भांडण दोन्हींशी आहे. पहिला म्हणतो, “रूट होऊन काढा.” भाच्याने तेच केले. फोटो आले, पण त्यांचा मालक रूट! एका फोटोत सासूबाई आडव्या आल्या होत्या. सौ. सरळ करायला गेली, तर परवानगी नाही. “अहो, आजच्या दिवशी आईला आडवी काय ठेवता?” यावर काय बोलणार, कपाळ?

दुसरा पंथ उदार. “666 करून टाका, सगळ्यांना सगळं मोकळं!” कुलूप लागत नाही म्हणून दारच उखडून भंगारात घालण्यातला हा प्रकार. शिवाय हाताने बदललेला आकडा वायर काढेपर्यंतच टिकतो. पुन्हा जोडली की पहिले पाढे पंचावन्न.

खरा उपाय या दोहोंच्या मधला. शेवटी आम्ही यूडेव्हच्या नियमांत एक ओळ लिहिली : हा कॅमेरा आला की घरातल्या दोघांच्या गटाला 660, इतरांना शून्य. आता तर त्याहून शहाणी सोय आहे. जीफोटोची लायब्ररी असे नियम बरोबरच घेऊन येते, आणि लॉगिन करून पडद्यासमोर जो बसला असेल त्यालाच कॅमेरा मिळतो. कसेल त्याची जमीन, तसा बसेल त्याचा कॅमेरा! इतके सोपे असताना लोक अजून “रूट व्हा” म्हणतात, याला काय म्हणावे? हक्क ज्याचा त्याला द्यावा. राजालाच नको आणि गावालाही नको.

सासूबाई त्याच रात्री उभ्या राहिल्या. कपाटाची किल्ली मात्र अजून मागावीच लागते.