बादलीतली जात

सकाळचे सात वाजतात. कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीत, मयूर कॉलनीत दूधवाला येतो, पेपरवाला येतो. त्याच वेळी किष्किंधानगर, सुतारदरा, केळेवाडी अशा उतारावरच्या वस्त्यांतून खाली आलेल्या आमच्या आयाबाया ढकलगाडी घेऊन दारोदार फिरत असतात. दूधवाल्याला नावाने हाक मिळते. हिला मात्र ‘ए कचरेवाली!’ बादली उंबऱ्याबाहेर ठेवायची, महिन्याचे पैसे वरून हातावर टाकायचे, लिफ्ट वापरू द्यायची नाही. याला कोणी अस्पृश्यता म्हणत नाही; ‘स्वच्छतेची काळजी’ म्हणतात!

पुण्यातल्या कचरावेचक बहुतांश दलित स्त्रिया आहेत, हा योगायोग नव्हे. १९७२च्या दुष्काळाने गाव सुटले, पण गावाने नेमून दिलेली घाण शहरातही पाठीवर आली. १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक दाखवून दिला. तो ज्याला अजून कळला नसेल, त्याने कोथरूडच्या कुठल्याही जिन्यात सकाळी उभे राहावे.

या बायांनी नुसते सोसले नाही. १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या साथीने त्यांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली. महापालिकेकडून ओळखपत्रे मिळवली. २००८ साली ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. आज तिच्यात तीन हजारांहून अधिक सभासद आहेत. २०१६च्या केंद्राच्या घनकचरा नियमांनीही कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असे सांगितले. तरी कराराची मुदत संपत आली की टांगती तलवार आहेच. मोठ्या ठेकेदाराची यांत्रिक गाडी आली की भंगाराचा माल त्याचा आणि ही बाई पुन्हा उकिरड्यावर. वनाजजवळच्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर मेट्रोचा डेपो झाला. कचरा वेगळा करायला एक पत्र्याची शेड मागितली की मात्र जागा नसते!

आता प्रश्न आपल्यालाच. आपल्यातले काही शिकलेले बांधव म्हणतात, १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, स्वाभिमानाने जगा असे बजावले. मग कचऱ्याच्या कामाची संघटना कशाला बांधायची? ही भाषा दिसायला बंडाची, पण तिने त्या बाईची चूल पेटत नाही. काम सोडायचे तर हातात पर्याय लागतो, पर्यायासाठी शिक्षण लागते, आणि शिक्षणासाठी आज, या महिन्याला, पुरेसा पैसा लागतो. तिची मुलगी कॉलेजात जाईल तेव्हाच ही बादली जातीच्या हातून सुटेल. तोवर तिला एकटी सोडणे म्हणजे स्वाभिमान नव्हे, पळवाट आहे.

म्हणून मागणी साधी आहे. करार दीर्घ मुदतीचा हवा, हातमोजे-साबण वेळेवर हवेत, शेड हवी, विमा हवा. आणि कोथरूडकरांनी ओला-सुका कचरा स्वतः वेगळा करावा. स्वतःच्या घरातली घाण स्वतःच्या हाताने निवडायला शिका, जात आपोआप थोडी सैल होईल.

१४ एप्रिलला आपण मिरवणुकीत असू. १५ एप्रिलच्या सकाळी तो रस्ता झाडणारी, तिथल्या बाटल्या वेचणारी कोण असेल, याचा विचार १३ तारखेलाच करा.