कोसळलेल्या इमारतींची कैफियत

न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राच्या आवारातील सात क्रमांकाची ४७ मजली इमारत ११ सप्टेंबर २००१ रोजी सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी कोसळली, तिच्यावर विमान आदळलेले नव्हते, आणि एवढ्या एका गोष्टीच्या आधारावर ती सरकारनेच सुरुंग लावून पाडली असा जो तर्क तेव्हा निघाला, तो दोन दशके उलटून गेल्यावरही इतका ताजा आहे की माळशेज घाट चढून ओतूरकडे जाताना लागणाऱ्या आमच्या डिंगोऱ्यातही मोबाइलवरच्या चित्रफिती एकमेकांना दाखवीत त्याविषयी तावातावाने बोलणारी तरुण मंडळी भेटतात. त्यांना हसण्यावारी नेणे मला मान्य नाही. ज्या राष्ट्राच्या शासनाने इराकपाशी संहारक अस्त्रे असल्याचे जगाला बजावून सांगून २००३ साली त्या देशावर आक्रमण केले, आणि ती अस्त्रे पुढे सापडलीच नाहीत, त्या शासनाच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवा असे या मुलांना कोणत्या तोंडाने सांगावे?

शिवाय सरकारी कैफियतीवर शंका घेण्याची परंपरा आमच्या मुलखाला नवी नाही. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ गावचा बाबू गेनू हा गिरणीकामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा झाला आणि तिच्याखाली चिरडला गेला. त्या मृत्यूला अपघात ठरविण्याचा प्रयत्न त्या वेळच्या राज्यकर्त्यांच्या बाजूने झाला, पण लोकांनी तो मानला नाही, आणि लोकांचेच म्हणणे खरे होते. ते खरे ठरले याचे कारण मात्र नीट ध्यानात घेतले पाहिजे. लोकांचा सरकारवर राग होता म्हणून ते खरे ठरले नाही. भर रस्त्यात, भर दिवसा, ज्यांनी ती मोटार पुढे येताना पाहिली असे साक्षीदार होते, म्हणून ते खरे ठरले. सात क्रमांकाच्या इमारतीविषयीच्या तर्कालाही हीच कसोटी लावली पाहिजे, आणि ती लावताना कोणत्याही पक्षाची भीड धरता कामा नये.

अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाणके व तंत्रज्ञान संस्थेने या इमारतीचा अंतिम अहवाल नोव्हेंबर २००८ मध्ये, म्हणजे घटनेनंतर सात वर्षांनी, प्रसिद्ध केला, आणि हा विलंब माझ्या मते त्या संस्थेचा मोठाच दोष होय, कारण सात वर्षे मोकळे पडलेले शेत रिकामे राहत नाही, त्यात काहीतरी उगवतेच. अहवालाचे सार असे आहे की शेजारचा उत्तर मनोरा सकाळी कोसळला तेव्हा त्याचे जळते अवशेष या इमारतीवर पडून अनेक मजल्यांवर आगी लागल्या. शहराची जलवाहिनी फुटल्यामुळे खालच्या मजल्यांवरील स्वयंचलित फवाऱ्यांना पाणी मिळाले नाही. सुमारे सात तास आग अनिर्बंध धुमसत राहिली. लांबच लांब पोलादी तुळया उष्णतेने प्रसरण पावल्या आणि त्यांनी तेराव्या मजल्याजवळची एक मुख्य तुळई एकोणऐंशी क्रमांकाच्या खांबावरील तिच्या बैठकीवरून ढकलून दिली. तेथून मजल्यावर मजला ढासळत गेला, आधार गमावलेला तो खांब वाकला, आणि त्यापाठोपाठ संपूर्ण इमारत खाली आली. इमारत आधीच रिकामी करण्यात आली असल्याने तिच्यात कोणी दगावले नाही.

याच अहवालाच्या इतिहासातील एक प्रकरण मला विशेष मोलाचे वाटते. मसुदा ऑगस्ट २००८ मध्ये जाहीर झाला तेव्हा इमारत निर्बाध पतनाच्या वेगाने कोसळल्याचे संस्थेने नाकारले होते. परंतु माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या एका शिक्षकाने चित्रफितीवरून मोजमाप करून त्यास हरकत घेतली, आणि अंतिम अहवालात संस्थेला सव्वादोन सेकंदांपुरते निर्बाध पतन मान्य करावे लागले. हे शिक्षक स्वतः सुरुंगाच्या तर्काचे पुरस्कर्ते होते. त्यांचे मोजमाप बरोबर होते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र सिद्ध होत नाही, कारण आतील सांगाडा आधीच ढासळून बाहेरचे खांब वाकल्यावर तेवढा काळ प्रतिकार उरला नव्हता, ही उपपत्ती त्याच मोजमापाशी सुसंगत आहे. हरकत घेणाऱ्याने हाती मोजपट्टी घ्यावी आणि सरकारी संस्थेने चूक दाखविल्यावर मजकूर दुरुस्त करावा, हा व्यवहार मला निरोगी वाटतो. त्या सबंध वादात इतका निरोगी व्यवहार दुसरा घडलेला नाही.

आगीने पोलाद वितळत नाही, हा आक्षेप आमच्याकडे फार ऐकू येतो. खरेच वितळत नाही. त्यास सुमारे १५०० अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि इमारतीची आग तेथवर पोचत नाही. पण वितळण्याची गरजच काय? ६०० अंशांच्या आसपास पोलादाचे बळ निम्म्यावर येते, आणि सात क्रमांकाच्या इमारतीत तर त्याहूनही कमी उष्णतेत होणारे प्रसरणच घाताला पुरेसे ठरले, असे अहवाल म्हणतो. आगीने पोलादी सांगाड्याची उंच इमारत पडूच शकत नाही, हे म्हणणे तेहरानमधील प्लास्को या १७ मजली इमारतीने १९ जानेवारी २०१७ रोजी सर्व जगासमोर खोटे पाडले. त्या दुर्घटनेत कर्तव्यावर असलेले अनेक अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले.

आणि इमारत सुरुंगाने पाडायची म्हणजे काय करावे लागते, हे पुणे जिल्ह्यातील माणसाला परदेशातून शिकण्याचे कारण नाही. पुण्याच्या चांदणी चौकातील जुना पूल १ ऑक्टोबर २०२२च्या रात्री, मध्यरात्र उलटून गेल्यावर, उडविण्यात आला. त्यासाठी सुमारे १३०० छिद्रे पाडून सुमारे ६०० किलो स्फोटके भरली होती, परिसर मोकळा केला होता, महामार्गाची वाहतूक बंद ठेवली होती, आणि एवढे करूनही पुलाचा सांगाडा पूर्णपणे खाली आला नाही. उरलेला भाग यंत्रे लावून ओढून काढावा लागला. त्याआधी महिनाभर, २८ ऑगस्टला, नोएडातील जे जुळे मनोरे पाडले गेले त्यांना सुमारे ३७०० किलो स्फोटके आणि नऊ हजारांहून अधिक छिद्रे लागली, आणि ती भरण्याचे काम रिकाम्या इमारतींत कित्येक दिवस चालले होते. एका रस्त्यावरच्या पुलासाठी जर एवढा खटाटोप, तर रोज हजारो नोकरदारांची ये-जा असलेल्या ४७ मजल्यांत भिंती फोडून, खांब उघडे करून, तारा ओढून हे सारे झाले आणि रखवालदारापासून सफाई कामगारापर्यंत कोणालाही त्याचा सुगावा लागला नाही, आणि सात तासांच्या आगीतही ती स्फोटके व त्या तारा शाबूत राहिल्या, हे मानण्यास फार मोठा पुरावा हवा. तो आजवर कोणी दाखल केलेला नाही. उलट पुरावा नाही म्हणून विचारावे तर तो नष्ट केला असे उत्तर मिळते, साक्षीदार नाही म्हणून विचारावे तर तो विकत घेतला असे उत्तर मिळते; आणि कोणत्याही तहकिकातीने ज्याचे खंडन होऊच शकत नाही असे विधान न्यायासनापुढे टिकत नाही.

परक्या देशातील मनोऱ्याची मी एवढी चिकित्सा करतो याचे कारण, असल्या तर्कांची सवय लागलेले मन आपल्या घराजवळच्या पडझडीकडे पाहतानाही तोच चष्मा लावते. ज्या बाबू गेनूचा उल्लेख वर आला, त्याच्याच नावाच्या मंडईची मुंबई महानगरपालिकेची इमारत २७ सप्टेंबर २०१३च्या पहाटे डॉकयार्ड रोड येथे कोसळली आणि ६१ माणसे दगावली. त्यांत पालिकेचे कर्मचारी आणि त्यांची कुटुंबे होती. तेथे कोणी महाशक्ती नव्हती. तळमजल्यावर केलेल्या अंतर्गत फेरफारांकडे, आणि ज्यांनी ते थांबवायचे त्यांच्या हयगयीकडे, तपासाचा रोख गेला. त्याच वर्षी ४ एप्रिलला शिळफाट्याची अनधिकृत इमारत बांधकाम चालू असतानाच पडून ७४ माणसे मेली. एक काढलेला आधार, एक न बजावलेली नोटीस, एक डोळेझाक केलेला नकाशा: कारणे ही असली असतात, आणि म्हणूनच ती असह्य वाटतात. एकसष्ट जीव जावेत आणि त्याचे मूळ एवढे क्षुद्र असावे, हे शोकाकुल मनाला पटत नाही. त्याला तोलामोलाचा शत्रू हवा असतो. त्या शोकाविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे. परंतु अदृश्य शत्रूवर फिर्याद करता येत नाही, आणि ज्याच्यावर करता येते तो कारकून, तो अभियंता, तो ठेकेदार मधल्यामध्ये निसटून जातो.

पानशेतचे उदाहरण याहून जुने आहे. १२ जुलै १९६१ रोजी ते मातीचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही गेले, आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. शहरात नाना प्रवाद उठले. चौकशी आयोगाचे पहिले न्यायमूर्ती बावडेकर यांचा काम पुरे होण्यापूर्वीच मृत्यू झाल्याने प्रवादांना आणखी खाद्य मिळाले, आणि आयोगाचे काम पुढे न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेले. धरणाचे मर्म मात्र विमोचक मार्गात होते: लोखंडाच्या टंचाईमुळे त्याच्या काँक्रीटमध्ये सळया घातलेल्या नव्हत्या, दरवाजांची व्यवस्था अपुरी होती, आणि अशा स्थितीत पावसाळ्याचे पाणी अडविले गेले. प्रत्येक गोष्टीमागे कोणाचा तरी निर्णय होता, आणि प्रत्येक निर्णय कोठल्या तरी दप्तरात नोंदलेला होता.

मग आमचे माळीण. ३० जुलै २०१४च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील ते गाव डोंगराखाली गाडले गेले, १५१ माणसे गेली, आणि त्या दिवसापासून कारणांविषयीचा वाद शमलेला नाही. कोणी पडकईसाठी, म्हणजे उतारावर पायऱ्यांची शेती करण्यासाठी, यंत्रे फिरली त्यास दोष देतो, कोणी डिंभे धरणाच्या जलाशयास, कोणी केवळ पावसास. भूवैज्ञानिकांनी अतिवृष्टी, तीव्र उतार, झिजलेल्या खडकाचा जाड थर आणि पाण्याचा निचरा अडविणारे उतारावरचे फेरफार यांचा एकत्र विचार केला. तथापि पडकई हीच ज्यांची भाकरी आहे त्या महादेव कोळी शेतकऱ्यांनी उतारावरच्या फेरफारांना दोष देण्यास घेतलेली हरकतही तितक्याच गांभीर्याने ऐकली गेली पाहिजे, कारण पिढ्यानपिढ्या हाताने रचलेली ताल, म्हणजे बांध, आणि यंत्राने कापलेला उतार या दोहोंत जो फरक आहे तो त्यांना ठाऊक आहे.

म्हणून माझी मागणी शासनाकडे आहे. माणसे दगावलेल्या प्रत्येक पडझडीचा चौकशी अहवाल, मग ती इमारत असो, धरण असो की डोंगर, कायद्याने ठरविलेल्या मुदतीत, नकाशे आणि मोजमापांसह, संपूर्ण मराठीत प्रसिद्ध व्हावा. त्याची प्रत तहसील कचेरीत आणि संबंधित ग्रामपंचायतीत कोणालाही विनामूल्य पाहता यावी. आणि अंतिम स्वरूप देण्यापूर्वी मसुद्यावर लेखी हरकती मागवून प्रत्येक हरकतीचे उत्तर अहवालातच छापले जावे. डिंगोऱ्यातील ज्या मुलांना सव्वादोन सेकंदांचा हिशेब तोंडपाठ आहे, ती माळीणच्या उताराचा अहवालही वाचतील आणि त्यावर हरकत घेतील, याविषयी मला तिळमात्र शंका नाही.