फळ्यावरचे प्लास्मिड

सोनकच्छच्या औषधाच्या दुकानात ॲम्लोडिपिन मागा, लगेच मिळेल. रक्तदाबाची ही गोळी कितीतरी घरांतील वडीलधारी मंडळी रोज घेतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायुपेशी असतात, त्यांवर कॅल्शियम आत येण्याची सूक्ष्म द्वारे असतात. गोळी ती अडवते, स्नायू सैलावतो, दाब उतरतो. एवढे पुस्तकात आहे. पण असे एकच द्वार वेगळे काढून त्याचे वर्तन तपासतात कसे? आमचा बी.एस्सी.चा विद्यार्थी यावर प्लास्मिडचे वर्तुळ काढतो, बाण दाखवून नावे लिहितो आणि गुण मिळवतो. वर्तुळ कशासाठी, हे मात्र त्याला कुणी विचारत नाही.

जीवाणूतील डीएनएच्या या लहान कड्यात मानवी द्वाराचे जनुक बसवतात. मूळ जनुक लाखो अक्षरांचे. म्हणून संदेशवाहक आरएनएवरून केलेली, सुमारे साडेसहा हजार अक्षरांची प्रत घेतात. तिच्या अलीकडे सीएमव्ही विषाणूचा प्रवर्तक, म्हणजे सस्तन प्राण्याच्या पेशीला 'येथून वाच' सांगणारा भाग. पलीकडे समाप्तीची खूण. ॲम्पिसिलिनला दाद न देणारे जनुकही असते. त्यामुळे प्लास्मिड नसलेले जीवाणू ॲम्पिसिलिनमध्ये वाढत नाहीत. मग हे कडे एचईके-२९३ पेशींत सोडायचे. (२९३ हा ग्रॅहम यांच्या प्रयोगाचा अनुक्रमांक!) या पेशींची स्वतःची अशी द्वारे नगण्य, जो विद्युत्प्रवाह मोजला जातो तो आपण घातलेल्या जनुकाचा. सोबत बीटा आणि अल्फा-२-डेल्टा ही साथीदार प्रथिनेही द्यावी लागतात, नाहीतर मुख्य प्रथिन पृष्ठभागावर नीट पोचत नाही.

याचा उपयोग काय? २००४ साली टिमथी सिंड्रोम या दुर्मिळ आजाराचे कारण सापडले. जनुकातील एका अक्षराच्या बदलाने द्वार वेळेवर मिटत नाही, हृदयाची लय बिघडते. बदललेले जनुक पेशींत घालून पाहिले तेव्हाच हे कळले. नुसते जनुक वाचून कळले नसते.

त्याच वर्षी अमेरिकेत ॲडजीन ही ना-नफा संस्था निघाली. संशोधक आपली प्लास्मिडे तेथे ठेवतात आणि इतर प्रयोगशाळांना ती माफक शुल्कात मिळतात. ब्राउन विद्यापीठाच्या डायान लिप्सकोम्ब यांनी कॅल्शियम-द्वारांची प्लास्मिडे अशीच खुली केली आहेत. आपल्याकडे एका वर्गाच्या टिपणवह्या दुसऱ्या वर्गाला मिळत नाहीत, तेथे ही रीत विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

हा सारा प्रयोग लहान गावच्या महाविद्यालयात व्हावा, असा माझा हट्ट नाही. त्याला कार्बन डायऑक्साइडचे उष्मक, सूक्ष्म विद्युत्प्रवाह मोजणारी यंत्रे लागतात. १९८९ च्या नियमांप्रमाणे जैवसुरक्षा समितीही लागते. परंतु जीवाणूतील साधे प्लास्मिड वेगळे करून जेलवर पाहणे अशक्य नाही. पुढचे पाहण्यासाठी इंदूर फार दूर नाही; वर्षातून एक दिवस तेवढ्यासाठी काढावा.

आणि परीक्षेत 'नामनिर्देशित आकृती काढा' हा प्रश्न वर्षानुवर्षे कशाला? त्याऐवजी विचारावे : प्रवर्तक काढून टाकला, तर पेशीत काय दिसेल?