आधी प्रश्न, मग आलेख



चौथीच्या वर्गात मी बरीच वर्षं स्तंभालेख एकाच पद्धतीने शिकवला. फळ्यावर लिहायचं : आंबा ८, केळी ५, पेरू ६. मुलांनी पट्टीने स्तंभ काढायचे, रंगवायचे आणि मी सही करायची. वह्या छान दिसायच्या. पण 'यातून काय कळलं?' असं विचारलं की वर्ग गप्प! कळणार तरी काय? कोणाला कोणतं फळ आवडतं हे कोणी कोणाला विचारलंच नव्हतं. आकडे माझे होते, मुलांचे नव्हते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की मुलांना आधी प्रश्न पडू द्यावा, मग मोजू द्यावं आणि आलेख सगळ्यात शेवटी यावा.

एकदा एका मुलाने विचारलं, "बाई, गुरुवारीच खिचडी का उरते?" आमच्या गावचा बाजार गुरुवारी असतो. त्या दिवशी मुलं कमी येतात हे मला माहीत होतं. 'बाजारात हिंडायला हवं यांना' म्हणून मी रागवायचेही. या वेळी म्हटलं, चला, मोजूया.

चार आठवडे रोज दोन मुलं गैरहजेरी टिपायची. चार उभ्या काड्या, पाचवी आडवी, म्हणजे पाचाचा गठ्ठा. ताळ्याच्या खुणा त्यांना अशाच समजल्या. मग घोटीव कागदाचे सारखे चौकोन कापले. एक गैरहजेरी म्हणजे एक चौकोन. मुलींसाठी पिवळा, मुलांसाठी निळा. नावं मात्र कुठेच लिहायची नाहीत, हे आधीच ठरवलं. भिंतीवर वारांप्रमाणे चौकोन चिकटवले आणि आमचा स्तंभालेख तयार झाला.

गुरुवारचा स्तंभ सगळ्यात उंच होता, आणि तो जवळजवळ सगळा पिवळा होता. वर्ग बघतच राहिला. मी विचारलं, "असं का असेल?" थोड्या वेळाने एक मुलगी हळूच म्हणाली, "आई भाजी विकायला बसते. मग बाळाला कोण बघणार?"

मी इतके दिवस कोणावर रागवत होते, ते त्या दिवशी कळलं.

तो कागद आम्ही पालकसभेत लावला. काही घरी आजी-काकूंनी बाळाला सांभाळायचं कबूल केलं. सगळ्याच मुली गुरुवारी येऊ लागल्या असं नाही, पण काही जणी येऊ लागल्या.

यात गणिताचा एक मोठा धडा आहे. 'किती' हे आलेख दाखवतो. 'का' हे माणसांनाच विचारावं लागतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये आलेख काढून दाखवलं, की क्रिमियन युद्धात जखमांपेक्षा रोगांनी जास्त सैनिक दगावले. त्यांचा आलेख कोणाच्या तरी जिवासाठी होता, सहीसाठी नव्हता.

एक छोटी सूचना. चित्रालेखात मुलं आंबा मोठा काढतात आणि बोरं बारीक. मग चार आंब्यांची ओळ सहा बोरांपेक्षा लांब दिसते! लगेच खोडायला लावू नका, वाद होऊ द्या. 'सगळ्यांना सारखी जागा हवी' हे मुलंच सांगतात. 'एक चित्र म्हणजे ५ मुलं' असं प्रमाण त्यानंतर घ्या.

पालकांनो, तुम्हीही हे घरी करू शकता. चार महिन्यांची लाइट बिलं मुलांपुढे ठेवा. युनिट कधी वाढले, का वाढले असतील, हे त्यांना शोधू द्या. उत्तर लगेच सांगू नका.

२९ जून हा प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस, म्हणजेच आपला राष्ट्रीय सांख्यिकी दिन. यंदा त्या दिवशी भाषणाऐवजी मुलांना एवढंच विचारा : "आपल्या शाळेत तुम्हाला काय मोजावंसं वाटतं?"