खेळाचा तास कापू नका

तंबाखूमुळे कर्करोग होतो, हे आपल्या शाळेतले लहान मूलही सांगेल. लठ्ठपणामुळेही त्याचा धोका वाढतो, हे मात्र घरोघरी पोहोचलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली असे १३ कर्करोग नोंदवले. मोठे आतडे, गर्भाशय, यकृत, मूत्रपिंड यांचे कर्करोग आणि रजोनिवृत्तीनंतरचा स्तनाचा कर्करोग त्यांत येतात. जादा चरबी अंगात नुसती पडून राहत नाही. तिच्यामुळे इस्ट्रोजेन व इन्सुलिन वाढते, शरीरात दाह धुमसत राहतो. प्रत्येक लठ्ठ माणसाला कर्करोग होतोच असे नाही, पण धोका वाढतो.

इंदूरकरांनी पोहे-जिलेबी कायमची सोडावी, असे आम्ही म्हणत नाही. पण रोजच्या डब्यात शेव-कचोरी नको. परीक्षा जवळ आली की पहिली कात्री खेळाच्या तासाला लागते, आणि पालकच तो तास गणिताला मागतात. वाढत्या वयातले वजन पुष्कळदा मोठेपणीही सोबत राहते. म्हणून विश्वस्तांना आमची विनंती आहे, दहावीच्या वर्गालाही मैदान मिळू द्या.

आणि मुलांनो, कुणाला 'जाड्या' म्हणून चिडवू नका. त्याला खेळायला बोलवा.