प्रॅक्टिकल कुणाचे बुडते?

मागच्या महिन्यात पहूरला आमच्या गटाची बैठक होती. विषय बचतगटाच्या कर्जफेडीचा होता, पण बाया जमल्या की गप्पा एका जागी थोड्याच थांबतात! एक मावशी कौतुकाने सांगू लागल्या, "पोरीला बी.एस्सी.ला घातलं ताई. बायोलॉजी घेतली तिनं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग सहज विचारले, "प्रॅक्टिकल किती वाजता सुटते?" मावशी म्हणाल्या, "प्रॅक्टिकलला ती थांबत नाही ना. दुपारच्या गाडीनंच येते. दिवस मावळल्यावर पोरीच्या जातीनं स्टँडवर कशाला उभं राहायचं? मैत्रिणीची वही उतरवून घेते."

कुणालाच यात काही वावगे वाटले नाही. मला वाटले, कारण ती मुलगी म्हणजे वीस वर्षांपूर्वीची मीच आहे.

मी याच गावातून बी.एस्सी. झाले, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन. पाचोरा–जामनेर मार्गावरची छोटी पी. जे. गाडी तेव्हा धावत होती. सकाळी जायची सोय होती, प्रॅक्टिकल संपवून परतायची नव्हती. घरात मोठ्या भावाने नियम केला : अंधार पडायच्या आत घरात. हा नियम त्याच्यासाठी नव्हता. तो पुण्यात खोली घेऊन राहत होता आणि तो रात्री किती वाजता परततो हे आमच्या आईला आजतागायत माहीत नाही. मी आठवड्यातली निम्मी प्रॅक्टिकल बुडवली. जर्नल मात्र पूर्ण होते. सुबक आकृत्या, खाली नावे, सरांची सही. कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून, काचेखाली हलकेच दाबून त्यातल्या विभागणाऱ्या पेशी पाहायचा प्रयोग मी जर्नलात तीन वेळा 'केला' आहे. प्रत्यक्षात एकदाच, आणि तोही शेजारच्या मुलाच्या मायक्रोस्कोपमधून, अर्धा मिनिट.

मला पहिला वर्ग मिळाला. एम.एस्सी.चा अर्ज मी आणला आणि भरला नाही. पुढे एम.एस.डब्ल्यू. केले, या कामात रमले. लोक विचारतात तेव्हा 'समाजकार्याची ओढ होती' असे सांगते. ते खोटे नाही. पण मायक्रोस्कोप फोकस करायला माझा हात बसलेला नव्हता आणि प्रयोगशाळेत उभे राहायची मला भीती वाटत होती, हे आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

इतिहासाचे पुस्तक घरी वाचता येते. जीवशास्त्र घरी वाचून होत नाही. ते डोळ्यांनी आणि बोटांनी शिकायचे शास्त्र आहे. थिअरीला परवानगी आणि प्रॅक्टिकलला बंदी म्हणजे मुलीला पोहायचे पुस्तक देऊन विहिरीवर जायला मनाई करणे. तरीही शिरगणतीत ती 'विज्ञान शाखेची विद्यार्थिनी' म्हणून मोजली जाते, आणि आपल्या संस्थांच्या अहवालांतही! आम्ही किती मुलींना प्रवेश मिळवून दिला ते अभिमानाने छापतो. प्रयोगशाळेत किती जणी थांबल्या, हा रकाना माझ्या स्वतःच्या अहवालातही आजवर नव्हता.

सरकारचे म्हणाल तर घोषणा पुष्कळ. २०२४ मध्ये, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. चांगलेच झाले. पण साधी बी.एस्सी. त्यात बसत नाही. मार्च २०२३ पासून एस.टी.त बाईला अर्धे तिकीट आहे. तेही चांगले. पण अर्ध्या तिकिटावर बसायला संध्याकाळी गाडी तर हवी! पी. जे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली, ती नॅरोगेज गाडी पुन्हा धावली नाही. २०२१ च्या दिवाळीपासून पुढचे काही महिने एस.टी.चा संप चालला. जळगाव–औरंगाबाद रस्ता तर रुंदीकरणाच्या नावाखाली वर्षानुवर्षे उखडलेला होता. या प्रत्येक वेळी गावातल्या मुलांनी मोटरसायकली काढल्या. मुली घरी बसल्या. कॉलेजने हजेरी लावली, जर्नलवर सह्या केल्या. सगळ्यांचेच भागले.

आता नवे शैक्षणिक धोरण आले आहे. पदवी चार वर्षांची. पण एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते, आणि पुढे ठरावीक मुदतीत परत येता येते. कागदावर हे फार उदार वाटते. मैत्रिणींनो, हे दार आपल्याकडे कोण उघडणार आणि केव्हा, ते तुम्ही जाणताच. स्थळ आले की! 'डिप्लोमा झाला ना तिचा, पुरे.' आणि परत यायचे दार? लग्न होऊन सुरतेला किंवा पुण्याला गेलेली, कडेवर मूल असलेली किती जणी सासूला सांगून तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला येऊन बसतील? बाहेर पडायला घरचे सोबत येतात, परत यायला एकटीनेच यावे लागते.

'पण ताई, करायचं काय एवढं बायोलॉजी शिकून? नीटमध्ये तर नंबर लागला नाही,' असेही मला ऐकवले गेले. म्हणजे बायोलॉजी ही डॉक्टरकी हुकल्यावर उरलेली शिळी भाकरी! कमल रणदिवे यांच्या वडिलांचीही इच्छा त्यांनी डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे अशी होती. त्यांनी ऐकले नाही. १९३४ मध्ये फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्रात पदवी घेतली, एम.एस्सी.ला सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींचा अभ्यास केला आणि पुढे मुंबईत कर्करोगावरच्या संशोधनात आयुष्य घातले. अर्थात, त्यांचे वडील त्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. शेवटची गाडी चुकण्याचा प्रश्न त्यांना नव्हता. आमच्या अजिंठ्याच्या डोंगरातही सीताफळे रग्गड आहेत. पाट्या भरून ती हायवेला विकायला बसणाऱ्या बायांच्या मुलींना मात्र तो प्रश्न आहे.

आणि उपयोगच विचारता, तर कापूस घ्या. वेचायला बाया. बोंडात गुलाबी अळी निघाली की हाताला लागते ती बाईच्या. २०१७ मध्ये या अळीने महाराष्ट्रातला कापूस खाल्ला. बी.टी. बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या कपाशीच्या बियांची वेगळी पुडी येत असे. ती कडेने लावायची, म्हणजे बी.टी.ला न जुमानणारी अळी लवकर वाढत नाही. आमच्याकडे बहुतेकांनी ती पुडी बांधावर फेकली, कारण कशासाठी आहे ते कुणी समजावून सांगितले नाही. घरात बायोलॉजीची पोरगी होती, पण तिला शेतातले विचारायचे असते हे कुणाच्या मनातही आले नाही.

दुसरे, पाळण्यातले. मुलगी झाली की अजूनही सुनेलाच बोल लावतात. लिंग ठरते पुरुषाकडून येणाऱ्या बीजावर, हे १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईने पिठातल्या किड्यांच्या पेशी मायक्रोस्कोपखाली पाहून दाखवले. ती आधी शाळेत शिकवून पैसे साठवत होती, पस्तिशीच्या आसपास पुन्हा शिकायला गेली. पिठातले किडे निवडण्यात आपल्या पिढ्या गेल्या. तिला ते काचेखाली पाहायला मिळाले, एवढाच फरक. गर्भलिंग तपासणीविरोधी कायद्याच्या शिबिरांत मी ही गोष्ट चित्र दाखवून सांगते. एकदा एका म्हातारीने विचारले, "तू पाहिलं का स्वतः?" मी गप्प बसले.

सुरक्षिततेचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. स्टँडवर संध्याकाळी टवाळखोर उभे असतात, हे खरे. पण ते उभे राहतात म्हणून मुलीने घरी जायचे, हा कुठला न्याय? घरी पाठवायचे तर त्यांना पाठवा.

आम्ही एक अर्ज लिहायला घेतला आहे. प्रॅक्टिकल सुटल्यानंतर पहूरकडे एक बस सोडा, ही आगाराकडे मागणी. बाहेरगावच्या मुलींची बॅच सकाळी घ्या आणि न केलेल्या प्रयोगावर सही करू नका, ही कॉलेजकडे. दुसऱ्या मागणीवर मुलीच बिथरल्या आहेत. सही मिळाली नाही तर वर्ष जाईल म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही, म्हणून आधी बस आणि मग सही, असा क्रम बदलून घेतला. पेठेतल्या सह्या झाल्या, कसब्यातल्या बाकी आहेत. त्या मावशींनी अंगठा न देता सही केली आहे. भावांच्या सह्या घ्यायच्या की नाही, यावर अजून वाद चालू आहे.