चालण्याला क्रेडिट आहेत, चालायला रस्ता कुठाय?

परवा पुतणीने मोबाईल माझ्यापुढे धरला. "काका, सहा हजार पावलं झाली का बघा ना." बघितलं तर झाली होती. पण पोरगी दुपारपासून ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेली मी स्वतः बघितलेली. विचारल्यावर हसायला लागली. फोन धाकट्या भावाच्या खिशात घालून त्याला क्रिकेट खेळायला पिटाळलं होतं. संध्याकाळी स्क्रीनशॉट कॉलेजच्या ग्रुपवर टाकायचा, सेमिस्टर संपताना वहीवर सही घ्यायची आणि दोन क्रेडिट घेऊन मोकळं व्हायचं. विषय काय, तर तब्येतीसाठी चालणं.

कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण हा एका कॉलेजचा मामला नाही. नवीन शैक्षणिक धोरण आलं, २०२३ पासून महाराष्ट्रात पदवीच्या अभ्यासक्रमात सहअभ्यासक्रम म्हणून खेळ, योग, आरोग्य, एनएसएस, एनसीसी यांना क्रेडिट मिळायला लागले. याला माझा विरोध नाही, उलट आनंदच आहे. आमच्या वेळी पीटीचा तास म्हणजे गणिताच्या सरांनी पोर्शन संपवायला मागून घेतलेला तास. आता निदान कागदावर तरी शरीराला जागा मिळाली. आणि चालण्यासारखा व्यायाम नाही. रॅकेट लागत नाही, फी लागत नाही, संघात निवड व्हावी लागत नाही. कबड्डीत न घेतलेल्या पोरालाही चालता येतं.

मग अडतं कुठं?

पुतणीच्या वर्गात एक मुलगी आहे. वस्तीवरून एसटीच्या थांब्यापर्यंत रोज तीन किलोमीटर चालत येते, तेवढंच परत जाते. तिनं सरांना विचारलं, माझं हे चालणं धरणार का? उत्तर आलं, ते तुझं येणं-जाणं आहे, व्यायाम नाही. तो ग्राउंडवर, टी-शर्ट घालून, हजेरी लावून करायचा. आणि तिच्याच बॅचमधला एक पठ्ठ्या अर्ध्या किलोमीटरवरून बुलेटवर येतो, बुलेट झाडाखाली लावतो, ग्राउंडला दोन चकरा मारतो, सेल्फी काढतो. त्याचं चालणं मात्र शिक्षण!

हिशोबच करू या. बऱ्यापैकी झपाझप चाललं तर तासाला पाच किलोमीटर होतात. सहा किलोमीटरला म्हणजे बहात्तर मिनिटं लागतात. आठवड्याचे पाच दिवस धरले तर सहा तास झाले. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला तीस तास लागतात, दोनाला साठ. ही मुलगी दहा आठवड्यांत दोन क्रेडिटचे तास भरून टाकते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तेवढा तिचा तिसऱ्या दिवशीच पुरा होतो. आणि कॉलेज तिला सांगतं, तू व्यायाम करत नाहीस.

माझ्या बारामतीकर वाचकांना लता भगवान करे आठवतच असतील. साठी ओलांडलेली बाई, नवऱ्याच्या उपचाराला पैसे पाहिजेत म्हणून नऊवारीत बारामतीच्या मॅरेथॉनला उतरली, अनवाणी धावली आणि जिंकली. २०२० साली त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात त्यांनीच त्यांची भूमिका केली. त्या पायांत बळ कुठून आलं असेल? ट्रॅकसूटमधून नक्कीच नाही. ज्या तालुक्यातून दरवर्षी तुकोबांची पालखी जाते, जिथं काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण बघायला आपण सगळे धावतो, तिथं देहूपासून पंढरपूरपर्यंत चालणाऱ्या म्हाताऱ्या दिसल्या की आपण हात जोडतो. आणि वस्तीवरून चालत येणाऱ्या पोरीचं चालणं मात्र मोजण्यात धरत नाही.

सरांची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल पत्रकार एकतर्फी लिहितो. शारीरिक शिक्षणाचा माणूस बहुतेक कॉलेजात एकच. त्याच्या अंगावर शेकडो पोरं, वर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, क्रीडासाहित्याची खरेदी, शिवाय पंधरा ऑगस्टचं संचलन. तो एकेकाची नाडी कधी बघणार? स्क्रीनशॉट मागणं त्याला सोपं पडतं. त्याच्यावर राग नाही. पण अशा कामाला शिकवणं म्हणू नका.

शिकवण्यासारखं चालण्यात भरपूर आहे. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना दीड किलोमीटर चालवा, वेळ आणि नाडी लिहून ठेवा. शेवटच्या आठवड्यात पुन्हा चालवा. फरक पडला का बघा आणि त्यावर मार्क द्या. मनगटावर बोट ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचे, एवढं तरी पदवीधराला यावं की नाही? चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे वेग बरोबर आहे, ही साधी खूण किती जणांना माहीत आहे? रोज दहा हजार पावलांचा जो आकडा सगळे ऐकवतात, तो १९६५ च्या सुमारास जपानमधल्या पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावातून आला, डॉक्टरच्या चिठ्ठीतून नाही. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासात देशात १० कोटींवर मधुमेही निघाले. २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या अभ्यासात भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत असं दिसलं. पुरुष ४२ टक्के, बाया ५७ टक्के.

हा बायांचा आकडा पुन्हा वाचा. पुतणीला मी रागावलो तेव्हा ती काय म्हणाली सांगतो. "काका, चालायचं कुठं ते सांगा. ग्राउंडवर सकाळी पोरं असतात, संध्याकाळी अंधार असतो. कालव्याच्या कडेनं एकटीनं गेले तर आईच ओरडते. बारामती-नीरा रस्त्यानं गेले तर उसाच्या ट्रॉल्या." मला उत्तर देता आलं नाही. आमच्याकडं गाळप चालू झालं की दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर येतो, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, टेपवर गाणी. पायी माणसानं साइडपट्टीवरून खाली उतरायचं, तिथं खडी आणि चिखल, नाहीतर कुणाची तरी गाडी लावलेली.

देशात २०२२ साली रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यात ३२ हजार ८२५ पायी चालणारी होती. म्हणजे मेलेल्या दर पाचांत जवळपास एक. इंडियन रोड्स काँग्रेसचे नियम सांगतात, पदपथावर चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये सांगितलं की पदपथाचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आता माळेगाव बुद्रुकच्या माझ्या वाचकांनी प्रामाणिकपणे सांगावं: चौकातून निघून कॉलेजपर्यंत किंवा कारखान्यापर्यंत अडथळा नसलेली सलग शंभर पावलं पदपथावरून टाकता येतात का? गावाची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. पाटीवर 'नगर' आलं. नगरात माणसं चालतात, त्यांना कडेची जागा लागते, हे अजून पाटीखाली उतरायचं आहे.

काही जण म्हणतील, पदपथाचा आणि अभ्यासक्रमाचा काय संबंध? संबंध असा, की पोरांना पोहायला शिकवायचं ठरवलं तर आधी तलाव लागतो. चालायला शिकवताना रस्ता लागतो हे मात्र कुणाला सुचत नाही.

माझं म्हणणं तीन गोष्टींपुरतं आहे. जो विद्यार्थी खरोखर चालत येतो त्याचं येणं-जाणं व्यायामात धरा, हजेरीला एसटीच्या थांब्यावर मित्राची सही पुरे. स्क्रीनशॉट बंद करा आणि नाडी मोजा. मुलींसाठी सकाळचा एक तास ग्राउंड राखून ठेवा, दिवे लावा. याला फार पैसा लागत नाही.

आणि रस्त्यासाठी मी सोमवारी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवसांत उत्तर. विचारणार आहे, गेल्या पाच वर्षांत माळेगावात पदपथावर किती खर्च झाला आणि तो पदपथ नेमका कुठं आहे. कुणाला बरोबर यायचं असेल तर सकाळी दहाला चौकात भेटा. आपण चालतच जाऊ. उजव्या बाजूनं, समोरून येणारी ट्रॉली दिसेल अशा बेतानं.